मागच्या चौघांचा वेळ

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात व्हॅन कोर्टलँड पार्क नावाचं मोठं उद्यान आहे आणि त्या उद्यानात शहराच्या मालकीचा गोल्फ कोर्स आहे. तिथे एकटं गेलं तरी एकटं खेळता येत नाही. सभासदत्व लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही. खिडकीशी पैसे भरायचे आणि पाळी येईपर्यंत थांबायचं. पहिल्या टीपाशी, म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा तिथे, एक माणूस हातात यादी घेऊन उभा असतो, त्याला स्टार्टर म्हणतात. दोघं आली असतील तर तो त्यांना आणखी दोघांशी जोडतो, तिघं असतील तर एकट्या आलेल्या कुणाला तरी त्यांच्यात घालतो, आणि चौघं जमली की सोडतो. पुढचे चार-पाच तास तुम्ही त्या तीन अनोळखी माणसांच्या सोबतीनं काढायचे. अशाच एका जोडणीतून माझ्या आयुष्यातलं एक मोठं देणं सुरू झालं. स्टार्टरनं यादीतल्या माझ्या नावावर टिचकी मारली आणि पुढे उभ्या असलेल्या तिघांकडे हात केला.

मी नाशिकची. आमच्या लहानपणी गोल्फ क्लब म्हटलं की हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. आजही नाशिककर त्या मैदानाला गोल्फ क्लब म्हणतात. तिथे रणजीचे सामने होतात, सभा होतात, पहाटे निम्मं शहर तिथे चालायला येतं. बाबांचं बोट धरून मी तिथे खूप हिंडले. गोल्फचा चेंडू मात्र पहिल्यांदा पाहिला तो लग्न होऊन १९९४ साली ब्राँक्सला आल्यावर. व्हॅन कोर्टलँड पार्कच्या परेड ग्राउंडवर क्रिकेटच्या खेळपट्ट्या आहेत. गयाना, जमैका, त्रिनिदादचे लोक, पंजाबी, बांगलादेशी, सगळे रविवारी तिथे खेळायचे. त्यात माझा नवराही. आम्ही बायका डबे घेऊन झाडाखाली बसायचो. मला बसवत नसे. मी उठून तळ्याच्या कडेनं चालत सुटायची. त्या बाजूला एक जुना लोहमार्ग आहे, प्रवासी गाडी १९५८ मध्ये बंद झाली आणि आता तिथे पायवाट आहे. त्या वाटेवरून जाताना झाडांमधून हिरवी पट्टी दिसायची आणि तिच्यावर सामानाची हातगाडी ओढत निघालेली माणसं. एकदा त्यांत साठीच्या पुढची एक बाई दिसली. एकटी चालत होती. तिला पाहिलं आणि हे आपल्यालाही करता येईल असं पहिल्यांदा वाटलं.

अमेरिकेतला हा पहिला सार्वजनिक गोल्फ कोर्स. १८९५ साली सुरू झाला तेव्हा नऊ होलचा होता, चार वर्षांनी अठराचा झाला. भुयारी रेल्वेची एक नंबरची गाडी २४२व्या रस्त्यावर संपते, त्या शेवटच्या स्टेशनवर उतरून कोर्सपर्यंत चालत जाता येतं. आजही गाडीत खांद्याला गोल्फची बॅग लावलेली माणसं दिसतात, शेजारी रात्रपाळी करून घरी निघालेली परिचारिका असते, समोर शाळेची मुलं असतात. गोल्फ श्रीमंतांचा खेळ, हे वाक्य मी पुण्या-मुंबईत हजारदा ऐकलं आहे. ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांचं ते वाक्य आहे.

तर त्या दिवशी स्टार्टरनं मला ज्यांच्यात घातलं, त्यात एक होते टपालखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, वय पासष्टच्या पुढे, कृष्णवर्णीय, उंच, पाठ ताठ. दुसऱ्या एक कोरियन आजी. तिसरा शहराच्या बसवर ड्रायव्हर होता, त्याची त्या दिवशी सुट्टी होती. अमेरिकेत सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात. वडिलांच्या वयाच्या माणसाला ते मला कधी जमलं नाही. मी मिस्टर लावून आडनावानं बोलायची. मनात मात्र पहिल्या दिवसापासून ते पोस्टमनकाका होते, आणि इथेही मी त्यांना तसंच म्हणणार आहे.

ड्रायव्हिंग रेंजवर बादल्याच्या बादल्या चेंडू मारून मी थोडंफार शिकले होते. पण रेंजवर मागे कुणी उभं नसतं. कोर्सवर असतं. दर आठ-दहा मिनिटांनी स्टार्टर नवे चौघं सोडत असतो आणि तुमचा प्रत्येक चुकलेला फटका मागचे चौघं कमरेवर हात ठेवून बघत असतात. पहिल्याच होलवर मी सारखी मागे वळून पाहत होते. पोस्टमनकाका जवळ आले. म्हणाले, "तुमचे फटके जास्त होणार. होऊ देत. फटक्याला वेळ लागत नाही, फटक्याच्या आधी लागतो."

पुढे आम्ही चौघं बरेचदा एकत्र खेळलो, तरी हे वाक्य नीट समजायला मला बरेच महिने लागले. चेंडू मारायला दोनेक सेकंद पुरतात. वेळ जातो तो आपली पाळी आली हे कळल्यावर हातमोजा शोधण्यात, कुठली काठी घ्यावी ते ठरवण्यात, चार वेळा हवेत सराव करण्यात, मग पुन्हा झेंड्याकडे बघण्यात. काका आयुष्यभर घरोघरी टपाल टाकत हिंडलेले. एकेका फाटकापाशी गेलेले दहा सेकंद संध्याकाळी किती होतात याचा त्यांना पक्का हिशेब होता. तोच त्यांनी मला घालून दिला. चौघांनी प्रत्येकी नव्वद फटके मारले आणि प्रत्येक फटक्याआधी फक्त दहा सेकंद जास्त घेतले, तर सगळे मिळून एक तास होतो. कुणीही रेंगाळलेलं नसतं, कुणालाही आपण उशीर केला असं वाटत नाही, आणि तरी अख्खा तास गेलेला असतो. तो मागच्या चौघांचा जातो, त्यांच्या मागच्यांचा जातो, आणि संध्याकाळी पाच वाजता पैसे भरून उभा राहिलेला शेवटचा माणूस अंधारात तेराव्या होलवरून घरी जातो.

मग त्यांनी मला जे शिकवलं त्यात चेंडू कसा मारावा हे जवळजवळ नव्हतंच. चालता चालता अंतराचा अंदाज घ्यायचा. चेंडूपाशी पोचण्याआधी काठी ठरलेली असायला हवी, आणि खात्री नसेल तर दोन-तीन काठ्या हातात घेऊनच जायचं, बॅगेपर्यंत परत येरझारा घालायच्या नाहीत. बॅग ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, त्या बाजूला ठेवायची जिथून पुढच्या टीला जायची वाट आहे. ही एवढीशी गोष्ट, पण ग्रीनच्या अलीकडे बॅग ठेवणारे चौघं खेळून झाल्यावर मागे येतात, बॅगा उचलतात, पुन्हा ग्रीनला वळसा घालून जातात, आणि तेवढा वेळ मागचे फेअरवेत, म्हणजे मधल्या पट्टीत, खोळंबतात. आकडे ग्रीनवर उभं राहून मांडायचे नाहीत, पुढच्या टीवर मांडायचे. चेंडू झाडीत गेला आणि सापडेल असं वाटत नसेल, तर शोधायला निघण्याआधीच दुसरा मारून ठेवायचा, म्हणजे परत यायला नको. दुसरा कुणी पट करत असताना, म्हणजे चेंडू भोकाकडे ढकलत असताना, आपल्या पटची रेघ डोळ्यांनी पाहून घ्यायची, मात्र त्याच्या रेघेवर पाय पडता कामा नये आणि आपली सावलीही पडता कामा नये. आणि पारच्या, म्हणजे त्या होलला अपेक्षित फटक्यांच्या, दुप्पट फटके झाले की चेंडू उचलायचा, हसून, आणि पुढे चालायचं. हा शेवटचा नियम त्यांनी खास माझ्यासाठी केला होता. नियमांच्या पुस्तकात तेव्हा तसं काही नव्हतं.

एक गोष्ट ते वारंवार सांगत. मागच्यांना भिऊन पळायचं नसतं, पुढच्यांना धरून राहायचं असतं. मागे वळून पाहण्याची माझी सवय त्यांनी मोडली. "पुढे बघा," म्हणायचे. पुढचे चौघं समोर दिसत असतील तर तुम्ही वेळेवर आहात, मग मागचे कितीही चुळबुळत असोत. पुढचा होल मोकळा पडला असेल तर तुम्ही उशिरा आहात, मग मागे कुणीही नसो. नवख्या माणसाला याहून मोठा आधार कोणता असेल? माझा खेळ वाईट होता आणि तो वाईट असण्याचा मला हक्क होता. वागणं नीट ठेवण्याची जबाबदारी तेवढी माझी होती, आणि ती पहिल्या दिवसापासून पेलता येण्यासारखी होती. शंभराच्या वर फटके मारणारी बाई नव्वद मारणाऱ्या पुरुषांहून लवकर कोर्स पुरा करू शकते, हे मी पुढे स्वतः करून पाहिलं.

आमच्याकडच्या पंगतीची मला तेव्हा फार आठवण व्हायची. यजमान फिरून प्रत्येकाला सावकाश होऊ द्या म्हणत असतो, आणि ते तो मनापासून म्हणत असतो. पण जेवणाऱ्यालाही माहीत असतं की पुढची पंगत दाराशी उभी आहे, त्यात भुकेली मुलं आहेत. कुणी घास कोंबत नाही आणि कुणी शेवटच्या मठ्ठ्यावर गप्पाही मारत बसत नाही. शेजाऱ्याचं व्हायचं असलं तर आधी उठत नाही. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पंगतीत वाढतात काय काय ते सविस्तर विचारून घेतलं.

वेग म्हणजे घाई नव्हे हे कोर्सवर सगळे म्हणतात, पण कोंडी नेमकी कुठे आणि का होते ते फार थोड्यांना ठाऊक असतं. पार पाचच्या लांब होलवर एकाच वेळी तीन गट असू शकतात. एक ग्रीनवर, एक मध्ये, एक टीवर. पार चारच्या होलवर दोन मावतात. पार तीनच्या होलवर मात्र एकच, कारण टीवरून मारलेला चेंडू थेट ग्रीनवर जायचा असतो. म्हणून सगळा कोर्स पार तीनच्या टीवर येऊन तुंबतो. तिथे तीन तीन गट बाकांवर बसलेले दिसतात आणि प्रत्येकाला वाटतं पुढचे लोक मुद्दाम रेंगाळताहेत. न्यूयॉर्क शहराचे एके काळचे वाहतूक आयुक्त लुशियस रिचियो यांनी या विषयावर पुष्कळ काम केलं आहे. त्यांनी स्थापन केलेल्या संघटनेच्या नावातच तीन तास पंचेचाळीस मिनिटं हा फेरीचा आदर्श वेळ आहे. त्यांच्या म्हणण्याचा एक भाग मला फार पटतो. दोष एकट्या खेळाडूचा नसतो. कोर्स चालवणाऱ्यांनी जादा पैशांसाठी टीवरून गट फार जवळजवळ सोडले, तर सगळे शहाण्यासारखे वागले तरी कोंडी होणारच. आमच्या कोर्सवर उन्हाळ्यातल्या शनिवारी साडेपाच-सहा तास सहज लागत. त्यातला किती वेळ आमचा आणि किती व्यवस्थापनाचा, हे काका बरोबर सांगायचे. आपल्या वाट्याचा वेळ वाचवायचा आणि उरलेल्यावर चिडायचं नाही, असा त्यांचा खाक्या होता.

अशा ठिकाणी पुढच्या गटानं ग्रीनवर पोचल्यावर चेंडूंच्या जागी खुणेची नाणी ठेवून बाजूला व्हायचं आणि टीवरच्यांना हात करून मारायला सांगायचं, अशी एक जुनी रीत आहे. मागचे चेंडू मारून चालत येईपर्यंत पुढच्यांचे पट होतात. काका प्रत्येक तुंबलेल्या पार तीनवर हे करत. हात वर करून, टोपी हलवून. मागचे अनोळखी लोक पलीकडून हात हलवत. त्या दोन हातांमधली ओळख एवढीच, आणि ती मला पुरेशी वाटायची.

एका शनिवारी मागच्या चौघांतल्या कुणीतरी आम्ही फेअरवेत असतानाच चेंडू मारला. आमच्यापासून हातभर अंतरावर पडला. "फोर!" अशी सावध करणारी आरोळीसुद्धा नाही. गोल्फमध्ये याहून वाईट वागणं नाही, चेंडू डोक्यात बसला तर माणूस मरू शकतो. बसड्रायव्हर संतापला. मीही संतापले, कारण माझ्याकडे बघत ते मघापासून काहीबाही बोलत होते आणि उशिराचं कारण बाई आहे असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. काकांनी चेंडू उचलला आणि ते एकटे मागे चालत गेले. परत आले ते त्या चौघांना घेऊन. म्हणाले, हे पुढे जाणार आहेत. मग त्यांनी त्यांना पुढचं दाखवलं. आमच्या पुढे एक गट थांबला होता, त्याच्या पुढे दुसरा, वळणापलीकडे तिसरा. ते चौघं बराच वेळ बघत राहिले. पुढे जायला जागाच नव्हती. त्यांच्यातल्या एकानं माझ्याकडे येऊन माफी मागितली. त्यानंतर उरलेले सगळे होल त्यांनी योग्य अंतर ठेवलं.

काकांच्या या शांतपणाचं मूळ मला खूप नंतर कळलं.

ते मूळचे अटलांटाचे. लहानपणी एका खासगी क्लबात बॅगा वाहायचे. ज्या गवतावर दिवसभर दुसऱ्याची बॅग वाहायची त्यावर स्वतः खेळायची मुभा नव्हती. अटलांटात शहराच्या मालकीचा, सगळ्यांच्या करावर चालणारा बॉबी जोन्स गोल्फ कोर्स होता. १९५१ साली डॉक्टर होम्स, त्यांचे दोन मुलगे आणि एक मित्र तिथे खेळायला गेले. ते कृष्णवर्णीय होते, म्हणून त्यांना परत पाठवलं. होम्स कुटुंबानं खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर १९५५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. शहराच्या गोल्फ कोर्सवर रंगावरून कुणाला अडवता येणार नाही. नाताळच्या आदल्या दिवशी होम्स बंधू अटलांटाच्या नॉर्थ फुल्टन कोर्सवर खेळले. त्याच कुटुंबातला नातू पुढे १९६१ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात प्रवेश मिळवणाऱ्या पहिल्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी एक झाला. व्यावसायिक गोल्फपटूंच्या अमेरिकी संघटनेच्या घटनेतलं फक्त गोऱ्यांसाठीचं कलमही त्याच वर्षी, १९६१ मध्ये, निघालं. निकाल लागला तेव्हा काका पंचविशीत होते, न्यूयॉर्कमध्ये टपाल वाटत होते. त्यांनी ते वर्तमानपत्र जपून ठेवलं होतं.

मला ते म्हणाले, "ही जागा सगळ्यांची आहे असं कोर्टानं सांगितलं. ती सगळ्यांसारखी ठेवायचं काम कोर्ट करणार नाही."

म्हणून ते वाळूच्या बंकरमध्ये नेहमी उतरत्या बाजूनं शिरत आणि निघताना आपल्या पावलांबरोबर दुसऱ्याचीही पावलं दाताळ्यानं पुसून येत. फेअरवेतून उडालेला मातीचा तुकडा शोधून आणून जागेवर बसवत आणि पायानं दाबत. ग्रीनवर चेंडू आदळून पडलेली खळगी नीट करण्याची त्यांची पद्धत मी तशीच उचलली आहे. खालून माती उचकटायची नाही, त्यानं मुळं तुटतात. कडेचं गवत चारी बाजूंनी मध्याकडे लोटायचं आणि वरून पटरनं थोपटायचं. लगेच केलं तर काही दिवसांत गवत मिळून येतं, राहिलं तर डाग आठवडेच्या आठवडे दिसतो. आपली एक करायची आणि शेजारची एक करायची, असा त्यांचा रिवाज. चेंडू ज्या लाकडी खुंटीवर ठेवतात तिलाही टीच म्हणतात; तिचे तुटून पडलेले तुकडेही ते वेचत. त्यामागे एक अभिमान होता. लाकडी टीचं १८९९ सालचं पेटंट बॉस्टनचे कृष्णवर्णीय दंतवैद्य डॉ. जॉर्ज ग्रँट यांचं आहे. त्याआधी वाळूची चिमूट रचून तिच्यावर चेंडू ठेवत. ग्रँट यांनी त्यातून पैसे केले नाहीत, टी मित्रांना वाटून टाकल्या. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं त्यांच्या कामाची दखल घेतली ती १९९१ मध्ये. काका म्हणायचे, त्या डॉक्टरांची वस्तू पायदळी नको.

कोरियन आजींबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं आणि आम्हाला कोरियन मुळीच येत नव्हतं. पण दुसऱ्यानं मारलेला चेंडू जमिनीवर थांबेपर्यंत त्या नजर हलवत नसत. चेंडू रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात, शिरला की त्या कुठल्याशा झाडाशी, दगडाशी त्याची खूण बांधून ठेवत आणि तिथे पोचल्यावर छत्रीचं टोक रोखून उभ्या राहत. चेंडू तिथेच असे. आम्हा चौघांचा शोधाशोधीचा जेवढा वेळ वाचला तो जवळजवळ सगळा त्यांनी वाचवला. आपला फटका मारून झाला की बहुतेक लोक काठी पुसायला लागतात. दुसऱ्याच्या चेंडूकडे असं बघत राहणं मी त्यांच्याकडून घेतलं. त्यांनी शिकवते असं कधी म्हटलं नाही आणि मी आभार मानायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या हातात सोललेलं संत्रं ठेवलं.

काकांचे गुडघे पुढे थकले. चाल मंद झाली. चालणं मंद झालं तरी खेळणं मंद झालं नव्हतं, चेंडूपाशी पोचले की ते तयारच असत. तरी मागे माणसं दिसली की ते बाजूला होत आणि त्यांना पुढे घालत. मग त्यांनी दुपार कलल्यावर सवलतीच्या दरात यायला सुरुवात केली. शेवटचा गट म्हणून निघायचं, नऊ होल खेळायचे, मागे कुणीच नाही. मला ते पटलं नव्हतं. जागा सगळ्यांची असेल तर ती गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याचीही आहे, मागच्यांनी थांबावं, असं मी त्यांना स्पष्ट म्हटलं होतं. आजही माझं मत तेच आहे. तरुण माणसाला थकलेल्या माणसामागे पाच मिनिटं उभं राहता येत नसेल तर त्याला वेगाबद्दल बोलण्याचा अधिकार नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि ते शेवटच्याच गटात खेळत राहिले. मी कामावरून सुटून त्यांच्याबरोबर जायची. मेजर डीगन हमरस्त्यावरून गाड्यांचा आवाज येत असे आणि आम्ही सावकाश चालत असू. नाशिकचं बोलणं निघे, अटलांटाचं निघे. ब्राँक्समधला माझा सुरुवातीचा एकटेपणा त्या नऊ होलांवर संपला. हे देणं गोल्फच्या पलीकडचं आहे.

पुढे ते लेकीकडे अटलांटाला राहायला गेले आणि २०११ मध्ये वारले. लेकीनं फोन करून कळवलं.

२०१९ मध्ये गोल्फचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. चेंडू शोधायची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणली. फटका चाळीस सेकंदांच्या आत मारावा अशी शिफारस आली. ज्याचा चेंडू लांब त्यानंच आधी मारायचं या जुन्या क्रमाऐवजी, जो तयार असेल आणि ज्याच्या मारण्यानं कुणाला धोका नसेल त्यानं मारावं, याला पुस्तकानं उत्तेजन दिलं. पट करताना झेंडा भोकातच ठेवायची परवानगी मिळाली. ठरावीक फटके झाले की चेंडू उचलायचा, असा खेळाचा एक प्रकारही पुस्तकात आला, आणि ती मर्यादा पारच्या दुप्पट ठेवता येते. काकांनी एका नवख्या मराठी मुलीसाठी केलेला नियम होता तो. एक बदल मात्र मला आवडला नाही. आधीच्या पुस्तकात शिष्टाचाराचं प्रकरण सगळ्यात पहिलं असायचं, नियम क्रमांक एकच्याही आधी. काकांनी मला दिलेल्या पुस्तकात ती पानं सुटी झाली आहेत, इतकी ती वाचली गेली. आता तो मजकूर आटोपशीर होऊन पहिल्या नियमाच्या पोटात गेला आहे. खेळाडूनं दुसऱ्याचा विचार करावा, कोर्सची काळजी घ्यावी, वेळेत खेळावं, हे त्यात आहे. पण नवख्याच्या हातात पुस्तक दिल्यावर आधी तेच उघडावं, असं आता घडत नाही.

कोविडनंतर इथल्या सार्वजनिक कोर्सवर पूर्वी कधी न पाहिलेली गर्दी झाली. नवे लोक आले, त्यांत आपली मराठी मुलंमुली पुष्कळ आहेत. स्टार्टर आता मला ओळखतो. एकटी आलेली, बावरलेली मुलगी दिसली की तो तिला माझ्या गटात घालतो. मी तिला पहिल्या होलवर मागे बघू देत नाही. काकांचं देणं काकांना देता आलं नसतं, त्यांनी ते घेतलंही नसतं. त्यांनाही कुणीतरी असंच दिलं होतं, असं ते म्हणत.

नवी मुंबईत सिडकोचा खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे, तो सर्वांसाठी खुला आहे. मागे मुंबईला आले होते तेव्हा भाचीला तिथे जायला सांगून आले. हा मजकूर वाचून आणखी कुणी तिथे, किंवा न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, लंडनमध्ये जिथे असाल तिथल्या सार्वजनिक कोर्सवर पहिल्यांदा जाणार असेल, तर माझी एक विनंती आहे. खेळ येत नाही म्हणून थांबू नका, जा. खिशात खळगी बुजवायचं हत्यार आणि एक जादा चेंडू ठेवा. आणि पुढचा होल मोकळा पडला असेल, मागे माणसं उभी असतील, तर बाजूला व्हा आणि त्यांना हात करून पुढे बोलवा.